हिरवा ठिपका, दूध आणि व्हीगन पास्ता: खानापूरच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या दुकानाला एक स्टार दिलात आणि कारणंही लिहिलीत. तुम्ही उचललेला हिरव्या ठिपक्याचा मसाला पास्ता मी 'हा व्हीगन (दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेला) नाही' म्हणून बाजूला ठेवला, त्याऐवजी साधा आणि महाग पास्ता गळ्यात मारला, आणि घरी जाऊन बघता तर त्याच पुड्यावर 'दुधाचे अंश असू शकतात' असं छापलेलं. 'शहापुरातल्या दुकानदाराला शाकाहार शिकवायची वेळ आली' असंही तुम्ही म्हणता. मुलीसाठी खानापूरहून बेळगावला यायचं आणि घरी गेल्यावर फसल्यासारखं वाटायचं, याचा राग येणारच. पण त्या दिवशी मी जे सांगितलं ते बरोबर होतं, आणि उद्या दुसरं कुणी आलं तरी तेच सांगेन.

तो मसाला पास्ता शाकाहारी आहे, त्यात वाद नाही. आपल्याकडे हिरवा ठिपका म्हणजे आत मांस, मासे, अंडं नाही. दूध, तूप, मध मात्र त्या ठिपक्याखाली चालतं. आमची बरीच गिऱ्हाइकं जैन आहेत. पुड्यात अंडं नाही ना, एवढं बघायला त्यांना तो ठिपका उपयोगी पडतो. तुम्ही तर आल्या आल्याच म्हणालात की मुलगी दूधसुद्धा घेत नाही. त्या पुड्यातल्या मसाल्याच्या पाकिटात चीज पावडर आणि मिल्क सॉलिड्स आहेत, मागच्या बाजूला घटकांच्या यादीत स्पष्ट लिहिलंय. हे माहीत असताना तो तुमच्या पिशवीत घालणं मला पटलं नसतं.

आता 'अंश असू शकतात' याबद्दल, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. पुड्यावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक घटकांची यादी, म्हणजे कंपनीने स्वतः काय घातलं ते. मी दिलेल्या पुड्यावर तिथे एकच घटक आहे: ड्युरम गव्हाचा रवा. आपण बन्सी रव्याचं उप्पीट करतो, त्याच जातीचा हा गहू. रवा पाण्यात मळायचा, साच्यातून काढायचा, वाळवायचा. आपल्या खपलीच्या शेवयांसारखंच काम. दुसरी गोष्ट म्हणजे ॲलर्जीची सूचना. त्याच कारखान्यात, कधी त्याच यंत्रावर, दुधाचा किंवा सोयाचा मालही बनतो, म्हणून चुकून कण राहू शकतात, एवढंच ती सांगते. दूध घातलंय असा त्याचा अर्थ नाही. जनावरांच्या कळवळ्याने दूध सोडलेली बरीच मंडळी असा पास्ता खातात. पण मुलीला दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, मग तो पुडा तिने खाऊच नये. तुम्ही ॲलर्जीचं काही बोलला नव्हता. असेल तर आजच कळवा.

अंशसुद्धा नको असतील तर २०२२ च्या नियमांनी आलेली व्हीगन खूण शोधा. हिरवं इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि वर छोटं पान, अशी ती दिसते. ती लावायची तर नुसते घटक वनस्पतीचे असून भागत नाही, कारखान्यात प्राणिजन्य काही मिसळू नये याचीही काळजी घ्यावी लागते. अर्थात ही खूण परवानगी घेऊनच लावता येते, त्यामुळे साध्या रव्याच्या कितीतरी पास्त्यांवर ती दिसत नाही. खूण नाही म्हणून माल व्हीगन नाही, असं समजू नका.

तुम्ही घरट्यासारखी गुंडाळी असलेल्या टॅग्लिआटेलेलाही हात लावला होता. तो मी का नको म्हटलं तेही सांगतो. त्यात अंडं आहे. इटलीच्या नियमाप्रमाणे अंड्याचा पास्ता म्हणून विकायचा तर किलोभर रव्याला निदान ४ अंडी, म्हणजे २०० ग्रॅम तरी लागतात. रुंद पट्ट्यांचे पास्ते आणि लझान्याची पानं घेताना यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेने, फुसिली, स्पॅगेटी वाळवलेल्या असतील तर बहुतेक नुसत्या रव्याच्याच असतात. पालक-बिटाच्या रंगीत पास्त्याला हरकत नाही, पण काळा पास्ता बऱ्याचदा माकूळ माशाच्या शाईने रंगवलेला असतो.

आणि ताई, पास्त्यापेक्षा सॉसमध्ये माणूस जास्त फसतो. पेस्टोच्या, म्हणजे बेसिलच्या हिरव्या इटालियन चटणीच्या, बाटलीत बहुतेक वेळा चीज असतंच. अस्सल पार्मेझान चीज तर वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थाने, बनवतात, म्हणजे ते शाकाहारीही नाही. टोमॅटो सॉसच्या बाटलीवरही 'व्हे' किंवा 'केसीन' दिसलं तर ते दूधच. त्यापेक्षा घरी टोमॅटो, लसूण आणि थोडी ब्याडगी मिरची परतून घ्या. पांढरा सॉस हवा असेल तर चंदगडचे काजू भिजवून वाटा आणि पास्ता उकडलेलं वाटीभर पाणी त्यात घाला, छान दाट होतो.

किमतीचं म्हणाल तर पुड्यावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतलेला नाही. त्याच फळीवर आपल्या देशातला, रव्याचाच, स्वस्त पास्ताही होता आणि आधी मी तोच काढून दिला होता. आकार आवडला नाही म्हणून तुम्ही दुसरा घेतलात.

पुडा फोडला नसेल तर परत आणा, पूर्ण पैसे देतो. मुलीला ॲलर्जी असेल तर फोडलेलाही चालेल. येताना तिलाही घेऊन या, फळीवरचे सगळे पुडे तिच्यासमोर वाचून दाखवतो. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेवढं सोडून कधीही या.

– दुकानमालक, शहापूर, बेळगाव