एका डोळ्याचं करडू आणि ग्रहण: फिरत्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेलं करडू, डोळ्याच्या वर इवलीशी सोंड, समोर नारळ आणि कुंकू. एका ग्रुपात ते यावल तालुक्यातलं, दुसऱ्यात तेच करडू शिरपूरचं. खालचा मजकूर मात्र तोच: गाभण शेळी ग्रहणात उघड्यावर राहिली, किरणांनी पिल्लाचे दोन डोळे वितळून एक झाले, सोंड म्हणजे गणपतीचा संकेत, गेरू लावलेल्या जनावराला असं होत नाही, आणि गरोदर सुनेनेही ग्रहणात विळीला हात लावू नये, पाणी पिऊ नये.

करडू खरं असेलही. अशी पिल्लं क्वचित जन्मतात. कारण मात्र सपशेल चुकीचं आहे.

‘दोन डोळे वितळून एक झाले.’ घडतं नेमकं उलटं. सस्तन प्राण्याच्या गर्भात डोळ्यांची जागा आधी एकच असते: मेंदूच्या पुढच्या टोकाला पेशींचा एक सलग पट्टा, त्यात पॅक्स-६ हे जनुक चालू असतं. मग खालच्या पेशींकडून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन येतं (हो, नाव व्हिडिओ गेममधल्या पात्रावरूनच पडलंय), मधल्या भागातलं पॅक्स-६ बंद पडतं आणि पट्ट्याचे दोन भाग होतात. हा निरोप पोचला नाही, तर एकाचे दोन होतच नाहीत. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरांत १९५० च्या दशकात कळपांमध्ये अशी एकडोळी कोकरं जन्मत होती. मेंढ्यांनी गाभण राहिल्यापासून १४ व्या दिवसाच्या सुमारास एक रानटी वनस्पती खाल्लेली असायची. तिच्यातलं सायक्लोपामिन नावाचं रसायन हाच निरोप अडवतं, हे नंतर उलगडलं. ती वनस्पती आपल्याकडची नाही. पण जनुकातल्या बिघाडानेही निरोप तिथेच अडतो.

आता तो १४ वा दिवस बघा. शेळी पाच महिने गाभण असते. पोट दिसायला लागल्यावर आपण गेरूचा डबा काढतो, तोवर डोळे एक की दोन हे कधीच ठरून गेलेलं असतं.

सोंडेचं म्हणाल तर ते नाक आहे. डोळ्याचा पट्टा दुभंगला नाही की नाकाला खाली यायला वाट राहत नाही, ते वरच अडकतं. ती नळी श्वासनलिकेला जोडलेली नसते, मेंदूही नीट दुभंगलेला नसतो, म्हणून बिचारं पिल्लू बहुधा काही तासांत मरतं. हार घालण्यासारखं त्यात काही नाही.

किरणांबद्दल थोडक्यात: सूर्यग्रहणात ऊन कमी होतं, चंद्रग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. वेगळे किरण येतात कुठून? सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याचा पडदा भाजतो, तो धोका खरा.

‘गेरू लावलेल्याला होत नाही.’ गेरू न लावलेल्या हजारो जनावरांनाही होत नाही, ती कोण मोजतो? शिवाय वर्षाला चार ते सात ग्रहणं असतात. इथून दिसोत न दिसोत, गाईच्या नऊ महिन्यांत एखादं सापडतंच. कुठलंही वासरू त्याच्या नावावर खपवता येतं.

सुनेचं काय? माणसाच्या गर्भात डोळ्यांच्या खाचा गर्भधारणेपासून साधारण २२ व्या दिवशी दिसतात. पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो. डोळ्याच्या तळाची फट सातव्या आठवड्यापर्यंत मिटते. न मिटल्यास बुबुळात किल्लीच्या भोकासारखी खाच राहते. जन्मतः डोळेच नसलेल्या मुलांत सॉक्स-२ जनुकाचा बिघाड वरचेवर सापडतो, आणि तो बहुधा आईबापांत नसलेला, नव्याने झालेला असतो. विळीचा दोष नाही, सुनेचाही नाही. गरोदरपणातला रुबेला (जर्मन गोवर) मात्र बाळाला मोतीबिंदू देऊ शकतो. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हे १९४१ मध्ये दाखवलं. त्याची लस सरकारी लसीकरणात आहे. आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात गरोदर बाईचं पाणी तोडणं हा तिच्यावर अन्यायच.

गोठ्यात बघायचंच तर गव्हाणीत बघा. टेक्सासातले संशोधक फ्रेड हेल यांनी १९३३ मध्ये नोंदवलं: त्यांच्या एका डुकरिणीला ११ पिल्लं झाली, एकालाही डोळ्यांचे गोळेच नव्हते. तिच्या खाण्यात अ जीवनसत्त्व नव्हतं. ते दिल्यावर पुढची पिल्लं डोळस निघाली. या जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल डोळा घडवणारी जनुकं चालू-बंद करतं. आपल्याकडे उन्हाळाभर जुना कडबा आणि सरकीची ढेप चालते, दोन्हींत ते नसल्यात जमा. गाभण जनावराला हिरवा चारा द्या, नाहीतर पशुवैद्यकांना विचारा. गोळ्या मनाने देऊ नका. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी गर्भ बिघडतो.