मामा, ते भोक बुजवायचं नव्हतं

'चिनी बासरीचं सत्य' हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर तीनदा आला, तेव्हा मी गप्प बसलो. पण परवा मामांनी तो वाचून धाकटीच्या दिझीचं, म्हणजे आडव्या चिनी बासरीचं, एक भोक एमसीलने बुजवलं. आता बोलतोच.

मेसेज म्हणतो, 'फुंकायचं भोक आणि बोटांची सहा भोकं यांच्यामध्ये एक भोक चुकून पडतं, चिनी लोक ते कागद लावून लपवतात. बुजवा.' अहो, तो कागद नाही! बोरूच्या पोकळ कांडीतून सोललेला पापुद्रा आहे तो, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहूनही पातळ. नाव दिमो. सरसाने नाहीतर चक्क लसणाच्या रसाने चिकटवतात आणि त्यावर मुद्दाम बारीक चुण्या ठेवतात. फुंकर मारली की तो थरथरतो. तंबोऱ्याला जवारी तशी दिझीला ही झणझण. फार ताणला तर आवाज मुका, सैल सोडला तर घोगरा. म्हणजे जी चूक म्हणून बुजवली, तीच या वाद्याची ओळख. साधी चिकटपट्टी लावली असती तरी चाललं असतं. हळू आवाजात रियाज करायला लोक लावतात आणि मग काढतात. एमसील कसं काढायचं?

'नऊ हजार वर्षांपूर्वीची बांबूची बासरी सापडली' हेही अर्धवट. चीनच्या हनान प्रांतातल्या जियाहूच्या बासऱ्या खऱ्या आहेत, 1999 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांच्यावर लेखही आला. पण त्या क्रौंच पक्ष्याच्या हाडाच्या आहेत, आणि आडव्या नाही, टोकाकडून फुंकायच्या. बांबू इतकी वर्षं टिकेल कसा?

'बौद्ध भिक्षूंनी कृष्णाची बासरी चीनला नेली.' आडवा पावा पश्चिमेकडून आला असं जुने चिनी ग्रंथही सांगतात, एवढं मान्य. पण ते श्रेय देतात चीनच्या हान दरबारचा दूत झांग चियान याला, भिक्षूंना नाही. शिवाय हुबेईत 1978 साली उघडलेल्या सरदार यीच्या थडग्यात आडवी धरायची बांबूची दोन वाद्यं निघाली. थडगं इ.स.पूर्व 433च्या सुमाराचं. बौद्ध धर्म तिकडे पोचला तो त्यानंतर चार-पाचशे वर्षांनी!

बासरी ऐकून बीपी उतरतं म्हणे. माझं तर मेसेज वाचूनच चढलं.

सध्या पातळ पात्याने एमसील खरवडतोय. बांबू चिरला नाही तर धाकटीकडे दिमोचं पाकीट आहे, आणि लसूण आईने सोलून ठेवलाय.