पायथॉन घे म्हणे!

मला दिसत नाही आणि मी कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग शिकते, हे ऐकून काल एसटीत बाजूच्या सीटवरच्या काकाजींनी विचारलं, "बाई, तुमच्यासाठी येगळी लँग्वेज असन ना एखांदी? ब्रेलची?" मी हो म्हणून टाकलं. साफ खोटं. खरं काय ते समजावत बसले असते तर यवतमाळला उतरायचं राहून थेट पुसदला पोचले असते.

काकाजींचा राग नाही. राग आहे तो शिकल्यासवरल्या लोकांचा. शुगरवाल्याला कोणता भात चालेल असं विचारावं, तसं हे विचारतात, "न दिसणाऱ्याला कोणती लँग्वेज चालते?" अहो, लँग्वेज म्हणजे शेवटी अक्षरंच ना! सी घ्या, जावा घ्या, पायथॉन घ्या. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की माझा एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीनरीडर) कंस, सेमीकोलन, सगळ्यासकट खडाखड वाचतो. स्पीड इतका ठेवलाय की आई म्हणते, "डब्यात फुटाणे हालवल्यावानी वाजते माय तुयं ते!" लँग्वेज कोणतीच मुकी नसते. ती लिहायची खिडकी मुकी असते. आणि ती खिडकी निवडायची मुभा मला कुणी देत नाही.

कॉलेजात (बीसीए, दुसरं वर्ष) सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम लिहायला अजून टर्बो सी प्लस प्लस चालतं. १९९० साली निघालेलं. माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे, मी त्याला अहो-जाहोच करायला पाहिजे. निळा पडदा असतो म्हणतात. असेल बाप्पा. ते चालतं डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि डॉसबॉक्स सगळं चित्र म्हणून रंगवतो. विंडोज सांगेल की इथे अमुक अक्षर आहे, तेव्हा स्क्रीनरीडर बोलणार. चित्रातलं तो काय वाचणार, कप्पाळ? खिडकीचं नाव तेवढं वाचतो: डॉसबॉक्स, सीपीयू स्पीड, फ्रेमस्किप. की गप्प. मग मी बटणं दाबतेय, कुठे काय उमटतंय ते देवाला ठाऊक, आणि मागून सर, "अगं, तू मेनूत गेलीस!"

म्हटलं, सर, मी घरी जीसीसीवर, म्हणजे आजकालच्या कंपायलरवर, करून आणते. आण म्हणाले. आणलं. त्यांच्या टर्बोत चालेना, कारण मी वर हेडर फाइलचं नाव नुसतं आयओस्ट्रीम लिहिलं होतं, त्यांच्या म्हाताऱ्याला पुढे डॉट एच लागतं. त्यांच्या नोट्समधलं माझ्याकडे चालेना, कारण वर कोनिओ डॉट एच हे जुन्या जमान्यातलं हेडर आणि खाली स्क्रीन पुसायचं क्लियर-स्क्रीन. सर, माझ्यापुढची स्क्रीन जन्मापासून क्लियरच आहे हो! ती पुसायला हेडर फाइल कशाला?

मग सगळे एका सुरात, "तू पायथॉन घे ना, सोपी आहे." त्यातलाच एखादा हुशार लगेच म्हणतो, "पण त्यात ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस मोजाव्या लागतात, तुला कसं जमेल?" त्याला सांगते. पेरणीचा तास वाकडा गेला की आमच्या बाबांना रात्री झोप येत नाही, मी त्यांचीच पोर आहे. एनव्हीडीएच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये एक सेटिंग आहे, ओळीचं इंडेंटेशन, म्हणजे सुरुवातीची मोकळी जागा, सुरानं सांगण्याचं. जितक्या स्पेस जास्त तितका सूर वर चढतो. चार स्पेस की पाच, मी झोपेत सांगेन. हे सेटिंग मला कुणी दाखवलं नाही. महिनोन्‌महिने इंडेंटेशन एरर खाऊन एका रात्री स्वतःच शोधलं, तेही लाइन नसताना, बॅटरी संपायच्या आत.

म्हणून सुट्टीत तालुक्याला पायथॉनचा क्लास लावला. पहिल्या दिवशी काय उघडायला लावलं? आयडल!

हे एकदा नीट ऐका. एनव्हीडीए बनवायला घेतलं २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करननं. पुढे जेम्स तेह सोबत आला. दोघंही अंध. लिहिलं कशात? बहुतेक सगळं पायथॉनमध्ये. म्हणजे माझा वाचणारा पायथॉनचा पोरगा. आणि पायथॉनसोबत फुकट येणारी कोड लिहायची खिडकी, आयडल, त्याच्याशी बोलत नाही! कारण ते टीके नावाच्या, खिडक्या-बटणं काढणाऱ्या अवजारावर केलंय, टीके आपल्या खिडकीत आपलंच चित्र काढतं आणि त्यात काय लिहिलंय ते विंडोजला कळवत नाही. सख्खे भाऊ, एका घरात, अन् बोलचाल बंद. धुऱ्याचं भांडण पाहिलंय आम्ही गावात, पण हे काहीतरी भलतंच.

व्हीएस कोड ही कोड लिहायची दुसरी खिडकी, ती बोलते. छान बोलते. एफ आठ दाबलं की चूक असलेल्या ओळीवर नेऊन सोडते. क्लासवाल्यांना म्हटलं, एका मशीनवर तेवढं टाकून द्या. "पासवर्ड मोठ्या सरांकडे आहे." एनव्हीडीए तर पेनड्राइव्हवरूनही चालतो, मी घेऊनच गेले होते. "पेनड्राइव्ह बंद केलेत, व्हायरस येतो." मोठे सर महिनाभर आलेच नाहीत. फी मात्र पहिल्या दिवशी घेतली.

कोणी क्वोरम सुचवतं. आहे, चांगली लँग्वेज आहे, सुरुवातच अंध विद्यार्थ्यांसाठी झाली तिची. पण तिच्यावर मला मार्क कोण देणार? रोज भाकर आमच्यासाठी वेगळ्या चुलीवर कायले? तेच वावर, तेच अवजार द्या, फक्त मूठ हाताला लागू द्या.

आणि "अंध माणसं प्रोग्रॅमिंग करतात का?" असं विचारणाऱ्या आमच्या एका सरांना मी टी. व्ही. रामन यांचं नाव सांगितलं. जन्म पुण्याचा, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, आयआयटी मुंबईत शिकले, १९९५ साली ईमॅकस्पीक हे कोड बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर काढलं. सर म्हणाले, "ते हुशार असतील." बरं.

प्रॅक्टिकलला मला लेखनिक दिला, आर्ट्‌सचा. बिचारा घामाघूम. मी म्हटलं सेमीकोलन, तो म्हणतो, "ताई, खाली टिंब की खाली शेपटी?" मी म्हटलं, वर टिंब, खाली शेपटी. त्यानं बहुतेक ठिकाणी दोन टिंबं दिली. नागमोडी कंसाला महिरपी म्हणतात हे त्याला माहीत होतं, कीबोर्डवर कुठे आहे ते नव्हतं. एररच एरर. वेळ संपला.

सर म्हणाले, "लॉजिक बरोबर होतं गं, पण प्रोग्रॅम रन झाला नाही, मार्क कापावे लागले." आणि मी दारापर्यंत पोचले तोवर मागून, अगदी मायेनं, "पुढच्या सेमला तू पायथॉन घे."

लॅबमध्ये पायथॉन आयडलवरच शिकवतात. विचारून आले.