इंजिनाला काय होत नाय

डिसेंबर-जानेवारीत आमच्या सोसायटीत कुणाला गजर लावावा लागत नाही. पावणेसातला मी खाली उतरतो आणि गाडीची किल्ली अर्धी फिरवतो. डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखी पिवळी खूण उजळते. ती विझेपर्यंत थांबायचं, किल्ली मागे घ्यायची, पुन्हा अर्धी फिरवायची, पुन्हा थांबायचं. गॅरेजच्या भाषेत याला 'दोनदा हीटर मारणं' म्हणतात; हा हीटर म्हणजे इंजिन आतून तापवणारी विजेची कांडी. मग सेल्फ. ऱ्यां... ऱ्यां... ऱ्यां... पहिल्या ऱ्यांला दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत येतात, दुसऱ्याला कुत्री उठतात, तिसऱ्याला गाडी एकदा खोकते आणि मी आशेने पाय दाबतो. वरून आवाज येतो, "अहो, रेस नका देऊ! नुसता सेल्फ मारा!" काकांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही. त्यामुळे त्यांचं मत अजून स्वच्छ आहे.

ही गाडी मी २०१२ च्या उन्हाळ्यात घेतली. तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात त्या वेळी लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता, आणि असा फरक दिसला की मध्यमवर्गीय माणसातला सीए जागा होतो. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. रोजचे चाळीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, लिटरला अठराचं ॲव्हरेज. पाच वर्षांत गाडी फुकट पडत होती! त्या हिशोबात 'मिस्त्री' असा रकाना नव्हता. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचे भाव बाजारावर सोडले. वही रद्दीत गेली, गाडी राहिली.

विकणाऱ्याने बॉनेटवर थाप मारून सांगितलं होतं, "साहेब, डिझेल इंजिन आहे. पाच लाख किलोमीटर इंजिनाला काय होत नाय." तो खोटं बोलला नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. इंजिनाला खरोखरच काही झालेलं नाही. झालं ते इंजिनाला चिकटलेल्या प्रत्येक वस्तूला. काही घरांत असे आजोबा असतात. हृदय ठणठणीत, डॉक्टरही कौतुक करतात. तक्रार फक्त दात, डोळे, कान, गुडघे आणि पोटाची.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थांनी १८९० च्या दशकात ठरवलं की ठिणगी नकोच. सिलेंडरमधली हवा दाबून दाबून विसाव्या हिश्शात कोंबायची, म्हणजे ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आत येताच आपोआप पेटतो. कल्पना थोर आहे, पण सगळा डोलारा त्या तापण्यावर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ रेंगाळतो, आणि पहाटे गारठलेलं लोखंड उरलीसुरली ऊब गिळून टाकतं. म्हणून प्रत्येक सिलेंडरला एक हीटर. चारातला एक जळाला की गाडी तीन पायांवर उठते. अख्खी थरथरते, मागून पांढरा धूर सोडते, आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने सुरळीत चालायला लागते. मिस्त्रींकडे नेईपर्यंत ती तापलेली, म्हणजे एका सेल्फात चालू. दवाखान्याची पायरी चढताच दाढदुखी थांबते ना, तसं. चार वेळा माझी अशी फजिती झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "आज रात्री गाडी इथंच झोपवा."

हीटर हा त्यातल्या त्यात सरळमार्गी आजार. छुपा रुस्तम म्हणजे 'एअर घेणं'. टाकी मागे असते, पंप पुढे, आणि पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. या ओढणाऱ्या नळीला बारीक चीर पडली तर तिच्यातून डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणजे गळतीचा पुरावाच नाही! फरशी कोरडी, नळी कोरडी, ओला फक्त मी, घामाने. रात्रभरात डिझेल गुपचूप टाकीकडे माघारी जातं आणि सकाळी नळीत नुसती हवा. मग बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप अंगठ्याने दाबत बसायचं. आधी तो पोकळ लागतो, मग जरा जड, आणि तीस-चाळीस दाबांनंतर एकदम दगडासारखा घट्ट. तो घट्ट लागतो तेव्हा जे बरं वाटतं, तेवढं मला पगारवाढीच्या पत्रानेही वाटलेलं नाही. माझा उजवा अंगठा डाव्यापेक्षा मजबूत आहे. लोकांना वाटतं मोबाइलमुळे.

या एअरच्या मागे आम्ही तीन महिने होतो. फिल्टर बदलला, त्याची रबरी रिंग बदलली, डिझेल फवारणाऱ्या नोझलवरच्या रिटर्न नळ्या बदलल्या. शेवटी मिस्त्रींनी एक पारदर्शक नळी आणली आणि ती आधी फिल्टरच्या पुढे, मग मागे लावून पाहिली. बुडबुडे दिसले की हवा कुठल्या बाजूने येतेय ते कळतं. आम्ही दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून नळीकडे एकटक बघत होतो. तेवढ्यात काका भाजीची पिशवी घेऊन आले, थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "सलाइन लावलंत?"

चीर सापडली. क्लिपच्या बरोब्बर खाली दडून बसली होती. नळी ऐंशी रुपयांची. तोपर्यंत ज्या निर्दोष वस्तू मी बदलल्या, त्यांचे झाले सात हजार.

घाटाचा प्रसंग मात्र मी सहसा कुणाला सांगत नाही. २०१७ चा मे महिना, साताऱ्याला लग्न. मागे सासूबाई पैठणीत, सासरे कोटात. पुण्याहून जाताना खंबाटकी चढावाच लागायचा, बोगदा होता तो परतणाऱ्यांच्या नशिबी. दुसऱ्याच वळणावर तापमानाचा काटा मान वर करायला लागला. पुढे उसाचा ट्रक की कसला तरी ट्रक, मागे एसटी, बाजूला घ्यायला जागा नाही. मला मिस्त्रींचं वाक्य आठवलं, "काटा चढला की एसी बंद करा आणि केबिनचा हीटर फुल्ल सोडा." यात शास्त्र आहे. गाडीचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, आणि तेवढी उष्णता इंजिनावरून उतरून माणसांवर येते. मी खटका फिरवला.

थोड्या वेळाने मागून सासरे म्हणाले, "जावईबापू, एसी बिघडला वाटतं. गरम हवा येतेय."

"नाही बाबा, हीटर लावलाय."

गाडीत जी शांतता पसरली ती थेट सुरूर फाट्यापर्यंत टिकली. तिथे हिने एवढंच विचारलं, "अहो, परत येताना एसटी किती वाजता असते?"

दोष थर्मोस्टॅटचा निघाला. साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान उघडून त्याने पाण्याला रेडिएटरकडे वाट द्यायची असते. मिस्त्रींनी तो शेजारच्या टपरीवर उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला, तर पठ्ठ्या तिथेही मिटून बसलेला. मग डिपस्टिक ओढून ऑइल बघितलं. ते दुधाळ चहासारखं दिसलं असतं तर पाणी ऑइलात मिसळलं, इंजिनाच्या झाकणाखालची हेड गॅस्केट गेली, हेड उतरवा, फेसिंगला पाठवा, अशी पुढची सगळी वारी होती. ऑइल काळंकुट्ट होतं. काळं ऑइल बघून इतका आनंद झालेला माणूस त्या टपरीवाल्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

धुराची भाषा मी ओघात शिकलो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थंडीत असेल तर न जळलेलं डिझेल, आणि गरम झाल्यावरही हटत नसेल तर देवाचं नाव घ्यायचं. पीयूसीला गेलो की तो मुलगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो आणि ओरडतो, "फुल्ल रेस द्या!" धुराचा आकडा पासष्टच्या आत यावा लागतो. इंजिन किंचाळत असतं आणि माझ्या डोळ्यांपुढे असतो टायमिंग बेल्ट. हा रबराचा पट्टा आतल्या व्हॉल्व्हना आणि पिस्टनना एकमेकांपासून वेळेवर लांब ठेवतो. तो तुटला की दोघं भेटतात, आणि ती भेट लाखाच्या घरात जाते. जुन्या मालकाने 'बदललाय' असं सांगितलं होतं. पावती नव्हती. मी पहिल्याच आठवड्यात बदलून घेतला, आणि ही या गाडीच्या बाबतीत मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

गेल्या डिसेंबरात मात्र मी विकायचं ठरवलं. रविवारी सकाळी एक साठीचे गृहस्थ बघायला आले. काका गॅलरीत होतेच. मी मनात गणपतीला नारळ बोलून किल्ली फिरवली आणि गाडी अर्ध्या सेल्फात चालू झाली! थरथर नाही, धूर नाही. गृहस्थांनी कान लावून ऐकलं, मान डोलावली, म्हणाले, "बंद करा, बॉनेट बघू."

मी किल्ली काढली. गाडी चालूच.

किल्ली पुन्हा घातली, फिरवली, काढली. गाडी मजेत. मी हातातल्या किल्लीकडे बघत राहिलो. ठिणगीच नाही, तर किल्ली बंद करणार काय? डिझेल तोडलं तरच हे इंजिन थांबतं, आणि डिझेल तोडणारा पंपावरचा खटका आत अडकला होता. वर्षानुवर्षं जी सुरू व्हावी म्हणून मी अंगठे झिजवले, ती आता थांबायला तयार नव्हती. वरून काका ओरडले, "टाकी रिकामी होईपर्यंत थांबा!"

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सरका जरा." आत बसले, चौथा गिअर टाकला, ब्रेकवर पाय घट्ट रोवला आणि क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"स्टॉप सोलेनॉइड," ते हात पुसत म्हणाले. "साफ करून घ्या, चालेल. बाकी इंजिन एक नंबर. इंजिनाला काय झालेलं नाय."

मी भीत भीत विचारलं, "मग घेताय?"

"छे हो," ते म्हणाले, "आमच्याकडे अशीच आहे. म्हटलं, पार्टला एक मिळाली तर बघावी. पण ही तर चालू आहे."