‘हो’ लिहिलं म्हणून

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, नाहीतर दुपारी घरात कुणावर तरी उगाच ओरडेन.

माझा एक जुना विद्यार्थी. नाव लिहीत नाही, इथे गोव्यात आमच्या डिचोलीतल्या निम्म्या लोकांना कळेलच. उत्तम इलेक्ट्रिशियन. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मेंटेनन्सची जागा निघाली होती, फॉर्म मीच भरून दिला. त्यात प्रश्न: ‘आपणास कधी शिक्षा झाली आहे का?’ पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन, तपशिलाला करंगळीएवढी जागा. माझं पेन तिथेच अडलं. तो म्हणाला, “बाई, हो लिहा. मागीर कळलं तर जास्त वाईट.” लिहिलं. आज निरोप आला, जागा भरली. आणि त्याच हॉटेलची तीच जाहिरात आत्ता माझ्या फेसबुकवर फिरतेय. भरली म्हणे!

चोरी त्याने केली होती. ‘बिचारा निर्दोष’ असं लिहून तुमच्याकडून हळहळ मिळवायची नाही मला. एका बांधकामावरून तांब्याच्या वायरी नेल्या, पकडला गेला, कोर्टाने शिक्षा दिली, कोलवाळच्या तुरुंगात ती पुरी भोगली आणि घरी आला. त्याची आई होती तोवर कदंबच्या बसने म्हापसा, तिथून पुढे कोलवाळ, अशी भेटीला जायची. तिचा काय गुन्हा होता, देव जाणे.

मागच्या पावसात आमच्या अर्ध्या घराची वीज गेली. बोलावल्यावर तोच आला. ‘आत ये’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडला नाही. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवीतली हत्यारं एकेक करून मांडली. टेस्टर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेपचं बंडल, मीटर. मला वाटलं, कामाची पद्धत असेल. न्यूट्रलची वायर जळली होती, ती बदलली. जाताना तीच हत्यारं माझ्यासमोर एकेक करून परत आत टाकली आणि पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढे धरलं. “बाई, एकदा बघून घ्या.” अरे, काय बघू? तर हसला. “सवय झाली. सगळ्यांकडे दाखवतो.”

चाळिशीला आलेला माणूस. याला मी पाढे शिकवले होते.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती गोवा विद्यापीठात समाजशास्त्र शिकते. तिने देवा पेजर नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंचं काम समजावून सांगितलं. (२०१८ मध्ये गेल्या त्या, फार लवकर.) मिलवॉकी शहरात त्यांनी सारख्या शिकलेल्या, सारख्या बोलणाऱ्या तरुणांच्या जोड्या नोकरी मागायला पाठवल्या. दोघांतला एक अर्जात तुरुंगवास सांगणार, दुसरा नाही. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. गोऱ्या मुलांत तुरुंग न सांगणाऱ्याला शंभरात ३४ ठिकाणांहून बोलावणं आलं, सांगणाऱ्याला १७. काळ्या मुलांत १४ आणि ५. म्हणजे तुरुंगाची पायरीही न चढलेला काळा मुलगा, तुरुंगातून आलेल्या गोऱ्याच्याही मागे! इथे काळ्या-गोऱ्याच्या जागी काय बसतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे आधी आडनाव विचारतात.

भाची आकडे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ती उघडी पिशवी.

अमेरिकेत काही ठिकाणी अर्जातून तो प्रश्नच काढायला लावला. त्यावर काही मालक नुसत्या रंगावरून अंदाज बांधायला लागले, असंही तिथल्याच संशोधकांना दिसलं. बरं, मान्य. पण इंग्लंडात १९७४ पासून कायदा आहे. ठरावीक वर्षं पुन्हा गुन्हा केला नाही की फार मोठी नसलेली जुनी शिक्षा बहुतेक नोकऱ्यांत सांगावी लागत नाही. आपल्याकडे अल्पवयीन मुलांना अशी मोकळीक आहे. मोठ्यांनी आयुष्यभर ‘हो’ लिहीत बसायचं.

खरं सांगू का, हॉटेलचा राग आता थोडा उतरलाय. पाहुण्यांच्या खोल्यांचा प्रश्न असतो, त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. मला चीड येते ती आपल्या वाड्याची, म्हणजे आसपासच्या घरांची. गेल्या चतुर्थीला मंडळाच्या रोषणाईसाठी मी त्याचं नाव सुचवलं, तर लगेच, “तो न्हय गे तो, बंदखणींत आशिल्लो?” (तुरुंगात होता तोच ना?) हे म्हणणाऱ्या बाईंच्या दिवाणखान्यात स्वातंत्र्यसैनिक आजेसासऱ्यांचा ताम्रपट आहे. पोर्तुगीज ज्यात स्वातंत्र्यसैनिकांना डांबायचे तो आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला हलला, जुन्या इमारतीचं संग्रहालय झालं, तिथे नातवंडांना नेऊन कोठड्या दाखवतात, फोटो काढतात. हो, ते देशासाठी आत गेले आणि हा तांब्याच्या वायरीसाठी. एवढं कळतं मला. पण कोर्टाने त्याला दिलेल्या शिक्षेला शेवटची तारीख होती. वाड्याच्या शिक्षेला ती कोण घालणार?

आणि याच लोकांना रात्री फ्यूज उडाला की तोच आठवतो. त्यांच्याकडेही तो वर्तमानपत्र पसरून हत्यारं मांडतो, आणि ते खरंच वाकून बघतात. एकाने तर पिशवीत हात घालून चाचपलं. हे त्याने नाही, त्याच्याबरोबर कामाला जाणाऱ्या पोराने सांगितलं मला.

आता कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच, “बाई, चोरी तुमच्या घरी झाली असती तर?” तर मीही पोलिसांत गेले असते. शिक्षा व्हावी असंच म्हटलं असतं. ती किती, हे न्यायाधीशांनी ठरवलं असतं, मी नाही आणि मंडळाच्या अध्यक्षांनी तर मुळीच नाही.

असो. डिचोली, साखळी, म्हापसा या भागात कुणाकडे वायरिंगचं काम असेल तर मला मेसेज करा, नंबर देते. माटोळीजवळचा (गणपतीवर फळंफुलं टांगतात ती चौकट) एखादा पॉइंट असेल तरी तो येईल. चतुर्थीच्या आधी सांगा, नंतर सगळेच धावतात. मजुरी बाजारभावाने द्यायची, ‘त्याला कोण देतंय काम’ म्हणून शंभर रुपये कापायचे नाहीत. आणि घरात शिरल्यावर आधी चहा विचारा, तो साखर कमी घेतो.