क्लिपमधला तो चौक स्लोव्हाकियातला नाही

माझी भाची सप्टेंबरात पुढच्या शिक्षणासाठी चेक प्रजासत्ताकात, ब्रनो शहरात जायची आहे. व्हिसा झाला, तिकीट झालं, भडंगाची पाकिटं आणि मेतकुटाचा डबा दोनदा वजनकाट्यावर चढून उतरला. अशात गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. घरच्या ग्रुपवर कराडच्या मामांनी एक मेसेज टाकला होता आणि रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. "तू असलेच पिक्चर बघत असतीस. तूच सांग, ह्यात खरं किती?"

मेसेज असा होता: "पालकांनो सावधान! हॉस्टेल, वुल्फ क्रीक, टुरिस्टास हे पिक्चर सत्य घटनांवर आधारित आहेत. पूर्व युरोप, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथे फिरायला आलेल्या तरुण मुलामुलींना गोड बोलून पळवतात, हाल करून मारतात, किडन्या काढून विकतात. तिथली सरकारं हे दाबून टाकतात. परदेशात अनोळखी माणसावर विश्वास म्हणजे मरण. आपली मुलं आपल्या गावातच सुरक्षित. जास्तीत जास्त शेअर करा." सोबत "हॉस्टेल"मधली चाळीस सेकंदांची क्लिप.

नंतर हाच मेसेज शेजारणीकडून आला, मिरजेच्या मैत्रिणीकडूनही आला. म्हणून ताईच्या सांगलीतल्या, गावभागातल्या घरी बसून तिला जे तोंडी सांगितलं, ते इथे लिहून काढते. मी वीस वर्षं भयपट बघते, मनापासून बघते. त्यांच्या नावावर खोटं पसरलं की मला दोन्हीकडून लागतं, पोरीसाठी आणि पिक्चरसाठीही.

आधी "सत्य घटनांवर आधारित" हे घेऊ. "हॉस्टेल" 2005 चा, एली रॉथचा. युरोप फिरायला निघालेली अमेरिकन पोरं कुणाच्या तरी सांगण्यावरून स्लोव्हाकियाला जातात आणि पैसे मोजून माणसं मारणाऱ्या श्रीमंतांच्या तावडीत सापडतात. ही कल्पना कुठून आली ते रॉथनेच मुलाखतींत सांगितलेलं आहे. पैसे भरा आणि माणूस मारा, असा दावा करणारी थायलंडमधली एक वेबसाइट त्याच्या कानावर आली होती. ती खरी की कुणाचा बनाव, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. या पिक्चरच्या मागे कुठला खून नाही, खटला नाही, आरोपी नाही. एक ऐकीव गोष्ट आहे, बस.

ताईने क्लिप पुन्हा लावली. दगडी फरसबंदीचा चौक, फिक्या रंगांच्या भिंती, वर लाल कौलं. मी तिच्या हातातला फोन घेतला आणि तिथंच थांबवला. "हे कुठलं गाव?" म्हणाली, "स्लोव्हाकियाच की, खाली लिहिलंय." तर ते गाव चेस्की क्रुम्लोव्ह, चेक प्रजासत्ताकातलं, 1992 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. पिक्चरचं चित्रीकरण चेक प्रजासत्ताकात झालं आणि पडद्यावर नाव लागलं शेजारच्या देशाचं. भाची मागून डोकावली आणि म्हणाली, "मावशी, हे तर माझ्या बघायच्या यादीत आहे." तिने आपला फोन पुढे केला. ताई दोन्ही फोन शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत राहिली. एकाच जागेचे दोन फोटो, एकात पोरगी मरणार होती आणि एकात आईस्क्रीम खाणार होती.

"वुल्फ क्रीक"ची गोष्ट वेगळी, तिथे खरं खरोखरच आहे. तोही 2005 चा, ग्रेग मॅक्लीनचा. ऑस्ट्रेलियात इव्हान मिलाट नावाच्या माणसाने 1989 ते 1992 या काळात रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या सात तरुणांना मारलं. त्यांतले पाच परदेशी होते. प्रेतं न्यू साउथ वेल्समधल्या बेलँग्लो जंगलात सापडली. 1996 साली त्याला जन्मठेप झाली आणि 2019 मध्ये तो कैदेतच मेला. ही सात माणसं खरी होती, त्यांचे आईबाप खरे होते, आणि त्यांच्याविषयी बोलताना मी आवाज खालीच ठेवीन. पण पिक्चरने काय केलं बघा. गोष्ट उचलली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या उल्कापाताच्या विवरापाशी नेऊन ठेवली. त्यात 2001 साली वाळवंटी रस्त्यावर झालेला दुसराच एक खून मिसळला. गुन्हेगार नवा घडवला, प्रसंग नवे घडवले. विवरापाशी जे पडद्यावर घडतं ते तिथे कधी घडलेलं नाही.

आणि मेसेज लिहिणाऱ्याने पिक्चरची सुरुवातही नीट वाचलेली नाही. सुरुवातीच्या पाटीवर म्हटलंय की ऑस्ट्रेलियात दरवर्षी 30,000 लोक हरवल्याची नोंद होते, आणि त्यांतले 90 टक्के महिन्याभरात सापडतात. घाबरवायला निघालेल्या पिक्चरनेच ही ओळ दिली आहे. आपण 30,000 वाचतो आणि पुढचं डोळ्यांना दिसतच नाही.

आता "तिथली सरकारं दाबून टाकतात". स्लोव्हाकियातले अधिकारी तर उघडपणे चिडले होते, आमच्या देशाची नाहक बदनामी झाली म्हणून. त्यावर रॉथचं उत्तर असं होतं की हा पिक्चर म्हणजे भूगोलाचं पुस्तक नाही, अमेरिकन लोकांना जगाची किती कमी माहिती असते ते मला दाखवायचं होतं. मला हे उत्तर पटतं, कारण पिक्चरभर ते दिसतं. त्यातली पोरं ज्या देशात चाललीत त्याविषयी त्यांना काडीचं ठाऊक नसतं. युद्धामुळे तिथे पुरुषच उरले नाहीत असं कुणीतरी सांगतं आणि ती मान डोलावतात. प्रत्यक्षात 1993 च्या पहिल्या तारखेला स्लोव्हाकिया आणि चेक हे दोन देश एकही गोळी न झाडता वेगळे झाले आणि 2004 साली दोघेही युरोपियन युनियनमध्ये गेले. पिक्चरने ज्या अज्ञानावर बोट ठेवलं, तेच अज्ञान आपण आता कराडहून सांगलीला पुढे पाठवतो आहोत.

हे आपल्याला तरी लवकर कळायला हवं. 1984 साली इंडियाना जोन्सचा दुसरा पिक्चर आला. परदेशी प्रवासी भारतात येतात, राजवाड्यात त्यांना माकडाचा मेंदू वाढतात, खाली तळघरात कालीमातेपुढे नरबळी चाललेला असतो. पुजारी आपले अमरीश पुरी. भारत सरकारने पटकथेला हरकत घेतली, म्हणून भारतातल्या गावाचं चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ झालं. तो बघून एखाद्या अमेरिकन आईने मुलीला म्हटलं असेल, "सांगलीला जाऊ नकोस, तिथे छातीतून काळीज काढतात," तर आपल्याला काय वाटेल? स्लोव्हाकियातल्या आयांना तेच वाटलं.

किडनीचं थोडक्यात सांगते. "टुरिस्टास" 2006 चा, त्यात ब्राझीलमधला एक डॉक्टर प्रवाशांना जंगलात नेऊन त्यांचे अवयव काढतो. पण किडनी म्हणजे काढली आणि दुसऱ्याला बसवली, असं होत नाही. रक्तगट जुळावा लागतो, ऊतींची जुळणी बघतात, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त एकत्र करून क्रॉसमॅच करतात. काढलेली किडनी थंड ठेवली तरी दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. त्याला सुसज्ज ऑपरेशन थिएटर लागतं, भूलतज्ज्ञ लागतात, आणि घेणाऱ्याला पुढे जन्मभर गोळ्या. एवढी माणसं आणि एवढे कागद जंगलातल्या झोपडीत मावत नाहीत. बर्फाच्या टबमध्ये जाग आलेल्या प्रवाशाची कथा अमेरिकेत इतकी पसरली की तिथल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने जाहीर आवाहन केलं, असं कुणाबाबत घडलं असेल तर पुढे या. एकही माणूस आला नाही. किडनीचा काळाबाजार जगात आहे, आपल्या देशातही आहे, त्यासाठीच 1994 चा कायदा झाला. पण त्यात नागवला जातो तो कर्जात बुडालेला गरीब. त्याच्याकडे पासपोर्टही नसतो आणि त्याच्यावर कुणी पिक्चर काढत नाही.

मला सगळ्यात खुपलं ते शेवटचं, "परदेशात अनोळखी माणसावर विश्वास म्हणजे मरण, आपली मुलं आपल्या गावातच सुरक्षित."

मिलाटचंच बघा. 1990 च्या जानेवारीत एक ब्रिटिश तरुण त्याच्या गाडीत बसला, बंदूक दिसल्यावर उडी टाकून हमरस्त्यावर पळत सुटला. मागून गोळी आली. समोरून एक बाई गाडी चालवत येत होती, गाडीत लहान मुलं होती. अनोळखी, घाबरलेला, हातवारे करणारा पुरुष बघून तिने गाडी थांबवली, त्याला आत घेतलं आणि पोलिसांत नेलं. पुढे त्याच तरुणाने मिलाटला ओळखलं आणि खटला उभा राहिला. त्या बाईने असला एखादा मेसेज वाचून काच वर केली असती तर?

आणि आपलं गाव. सप्टेंबर 2022. आपलाच जिल्हा, जत तालुका, लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. पोरं पळवणारी टोळी आली अशी आवई उठली आणि गावाने त्यांना गाडीतून ओढून काठ्यांनी मारलं. जीव वाचला एवढंच. त्याआधी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तेही झालं नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. त्या भागात आधी मोबाइलवर मेसेज फिरत होते, पोरं पळवतात, सावध राहा, शेअर करा.

अनोळखी मुलखात रस्ता विचारायला थांबलेला प्रवासी आणि त्याच्याभोवती जमत चाललेला गाव. हा प्रसंग मी भयपटांत कितीदा पाहिला असेल. लवंग्यात तो घडला तेव्हा गाव आपला होता. मामांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

ताईचं सासर विट्याजवळचं, गलाईवाल्यांचं. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून देशभर गेली, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा घेऊन. तिचे सासरे, आण्णा, सतराव्या वर्षी कोइमतूरला उतरले तेव्हा तमिळ एक अक्षर येत नव्हतं. दिवसभर भट्टी, मूस आणि तेजाबाचा धूर, रात्री दुकानातच पथारी. परक्या सराफाने परक्या पोराच्या हातात तोळ्यांनी सोनं दिलं, तेव्हा हे घर उभं राहिलं. आण्णा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. एवढंच म्हणाले, "मला तर तिथल्या बाईनंच पहिल्या दिवशी जेवायला वाढलं होतं."

धोका नाहीच असं मी ताईला सांगितलं नाही, आणि इथेही सांगणार नाही. मला वाटतं, खऱ्या धोक्याच्या जवळ जाणारा पिक्चर या मेसेजमध्ये नाहीच. तो "ओपन वॉटर". त्यामागची घटना 25 जानेवारी 1998 ची आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका बोटीतून अमेरिकन नवरा-बायको पाण्याखाली पोहायला उतरले. बोटीवर परतलेली डोकी मोजताना चूक झाली आणि बोट निघून गेली. ते नाहीत हे लक्षात यायला दोन दिवस गेले, तेही त्यांच्या बॅगा बोटीत तशाच दिसल्या म्हणून. त्यात खलनायक कुणी नाही, मोजणी चुकली. आपल्याकडे 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली ती जास्त माणसं बसल्यामुळे. ते नाव घेतलं की आजही सांगलीत बोलणं थांबतं.

परदेशात तरुण माणसं दगावतात ती जास्त करून वाहनांच्या अपघातांत आणि पाण्यात. आणि फसतात ती नोकरीच्या जाहिरातीला. थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार भरघोस, टुरिस्ट व्हिसावर या. मग बँकॉकहून गाडी, नदीपलीकडे म्यानमारमधलं म्यावाडी, पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र लोकांना ऑनलाइन फसवायला बसवतात. परराष्ट्र मंत्रालयाने 2022 पासून याविषयी इशारे दिलेत. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीय परत आणले. शेअर करायचंच असेल तर हे करा की परदेशी नोकरी देणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, त्याची नोंद ई-मायग्रेटच्या साइटवर बघता येते, आणि 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही.

पिक्चर बघायचे की नाही हेही ताईने विचारलं. मी म्हटलं, पोरीला बघू दे. "हॉस्टेल"मधली पोरं मरतात त्याआधी ती कशी वागतात ते बघू दे. गावातल्या माणसांशी कशी बोलतात, बायकांकडे कसं बघतात, कुठे आलोय हेच त्यांना कसं माहीत नसतं. माझ्या मते त्या पिक्चरचा सगळा जीव पहिल्या अर्ध्या तासात आहे, आणि क्लिपा कापणारे नेमका तोच टाकून देतात.

संध्याकाळी निघताना ताईने मला जिन्यात गाठलं. आवाज सकाळचा नव्हता. "विमान व्हिएन्नाला उतरतं म्हणे, रात्री. तिथनं ब्रनोची बस विमानतळावरनंच सुटती का शहरात जावं लागतं?" विमानतळावरूनच सुटते. भाचीने वेळापत्रक काढलं आणि आण्णांनी चष्मा मागितला.