कलिंगडाला सुई टोचायला वेळ कुणाला हाय?

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज चौघांनी टाकला. ‘उन्हाळी फळं खाताय? सावधान!’ कलिंगडाला सुईनं लाल रंग देतात, पाण्यात तरंगणारा आंबा कार्बाईडच्या पावडरीनं पिकवलेला, हापूसातला साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) म्हणजे औषध मारल्याचा पुरावा, कडू दुधीचा रस मात्र रक्त शुद्ध करतो, आणि डोंगरची करवंदं नकोतच. रविवारी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात एक गृहस्थ तो मेसेज दाखवून फळवाल्या मावशींशी वाद घालत होते. मावशी म्हणाल्या, "दादा, एवढ्या ढिगाला सुया टोचायच्या म्हणजे चार माणसं लागतील की. त्यांची हजेरी तुम्ही देताय काय?"

हिशेब तिथंच मिटतो, तरी फळाचंही ऐका. टोचलेलं रंगाचं पाणी गरात एका जागी साचेल, सालीपर्यंत एकसारखं पसरणार नाही. शिवाय सालीला भोक पडलं की जंतू आत शिरतात, आणि एप्रिलच्या उन्हात असं फळ लगेच फसफसायला लागेल. लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. मेसेजमधल्या फोटोत गराच्या मधली भेग दाखवून ‘इथं सुई घुसली’ लिहिलंय. परागीभवन नीट झालं नाही किंवा पाण्याची ओढाताण झाली की गर कमीजास्त वाढतो आणि अशी भेग पडते. खुशाल खावं.

निवडताना कलिंगड उलटं करा. जमिनीला टेकलेल्या जागचा डाग लोण्यासारखा पिवळसर हवा. पांढराफटक असेल तर लवकर तोडलंय, आणि तोडलेलं कलिंगड घरात ठेवून गोड होत नाही. थाप मारल्यावर आवाज बदबद यावा, टणटण नको. मावशींनी मला काढून दिलेल्या फळाचा डाग हळद लावल्यासारखा होता, आणि हातात घेतल्यावर ते दिसतं त्यापेक्षा जड लागलं.

आता तरंगणारा आंबा. ही कसोटी कार्बाईडची नाहीच, आंबा तयार आहे की कोवळा हे बघायची आहे. तयार आंबा पाण्याहून किंचित जड, म्हणून बुडतो, कोवळा तरंगतो. तयार आंब्याला कार्बाईड लावलं तरी तो गुमान बुडणार! कार्बाईडची भीती मात्र खोटी नाही, तेवढे अर्धे मार्क मेसेजला देतो. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, आणि त्यावर फळं पिकवायला 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत. पिकताना आंबा स्वतःही तोच वायू सोडतो. त्यामुळं इथिलीनच्या ‘चेंबरचा आंबा’ आणि कार्बाईडच्या ‘पावडरीचा आंबा’ एका मापानं मोजू नका. तरी मन मानत नसेल तर कच्ची पेटी आणा आणि पिंजरात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, अढी घाला. घरभर वास सुटेपर्यंत कळ काढायची, एवढंच.

साक्याचा औषधाशी संबंध नाही. तो हापूसचा जुनाच दोष, चांगल्या बागेतल्या फळातही निघतो आणि बाहेरून कळत नाही. तो टाळावा म्हणूनच नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ जात काढली.

दुधीवर मात्र मला हसू येत नाही. दुधी, काकडी कडू होते ती कुकुर्बिटासीन या द्रव्यामुळं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आणि असा रस पिऊ नये असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनंही सांगितलंय. चिरल्यावर बारीक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. शिजवूनही ते द्रव्य जात नाही. काकडीचं टोक कापून घासलं की कडूपणा उतरतो म्हणतात. खरं तर घासण्यानं नव्हे, देठाकडचा कडू भाग कापला जातो त्यानं फरक पडतो.

राहिली करवंदं. ती धुतलेली नसतात ही तक्रार असेल तर घरी नळ आहे. आजऱ्याकडची काळीभोर करवंदं पानाच्या द्रोणात घेऊन मी परवा दारात आलो. मेसेज पाठवणाऱ्या चौघांतले दोघं कट्ट्यावर बसले होते. धुवायच्या आधीच द्रोण अर्धा झाला.